टेलिफोनच्या घंटेमागची वीज



ह्या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. माझी शाळा सातवीनंतर सुटली. पुढे जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कामगारांच्या तक्रारींचे कागद वाचता वाचता. आज मी टेलिफोनच्या घंटेविषयी बोलणार आहे. हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. एक माणूस खांबावरून पडला, म्हणून तो माझ्याकडे आला.

गोष्ट १९९६ सालची. युनियनच्या कामात मी तेव्हा नवखा होतो. आमचा एक कंत्राटी कामगार टेलिफोनच्या खांबावर तारांचा जोड करीत होता. हातात मोजे नव्हते. एकाएकी झटका बसला, हात सुटला आणि तो खाली आला. कमरेचे हाड मोडले. भरपाई मागायला गेलो, तर कंत्राटदार म्हणाले, "टेलिफोनच्या तारेत ४८ व्होल्ट. त्याने कुणाला झटका बसतो? तुमचा माणूस स्वतःच्या चुकीने घसरला." माझ्याजवळ उत्तर नव्हते. खाली मान घालून परत आलो.

मग एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांनी जुना फोन उघडून समोर ठेवला आणि मला शिकवले. ते मी आपल्याला सांगतो.

एक्स्चेंजमध्ये मोठाल्या बॅटऱ्या असतात. तेथून ४८ व्होल्टांचा, एकाच दिशेचा दाब आपल्या घरी आलेल्या दोन तारांवर सदैव असतो. कंत्राटदार म्हणाले ते एवढ्यापुरते खरे. रिसीव्हर खाली असला की वाट तुटलेली असते. उचलला की वाट जुळते, प्रवाह वाहतो, आणि एक्स्चेंजला कळते की माणूस फोनवर आला. पण त्याला फोनपाशी बोलवायचे कसे? ते काम ह्या विजेचे नव्हे. त्यासाठी दुसरी वीज सोडतात. ती दिशा बदलणारी, सेकंदाला सुमारे २५ आवर्तनांची. अमेरिकेत २० आवर्तनांची. तिचा दाब ७५ व्होल्ट धरला, तर लाटेचे शिखर १०६ पर्यंत जाते. त्यात बॅटरीचे ४८ मिळवा. क्षणभर का होईना, तारेवर दीडशेच्या वर व्होल्ट येतात!

फोनमध्ये घंटेच्या वाटेवर एक कपॅसिटर असतो. तो बॅटरीची वीज अडवतो आणि दिशा बदलणारी जाऊ देतो. ती वीज वेटोळ्यांतून गेली की लोहचुंबकाच्या जोडीने लहानसा टोल एकदा इकडे, एकदा तिकडे ओढला जातो आणि दोन वाट्यांवर आपटतो. ही युक्ती जुनी आहे. ग्रॅहम बेलचे साहाय्यक टॉमस वॉटसन ह्यांनी १८७८ च्या सुमारास ती काढली.

आता घंटेचा ठेका आठवा. आपल्याकडे ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते, आणि मग दोन सेकंद शांतता. म्हणजे तार हाती धरणाऱ्याला ती तासभर निरुपद्रवी वाटावी, आणि दूर कुणीतरी नंबर फिरवताच तिने उसळावे! नंबर फिरवणाऱ्याला ह्याची कल्पनाही नसते. त्याच्या कानात जी 'ट्रिंग ट्रिंग' येते ती आपल्या घरची घंटा नव्हे. तो एक्स्चेंजने त्याच्यासाठी सोडलेला निराळा स्वर असतो.

आपण रिसीव्हर उचलला की बॅटरीचा प्रवाह वाहू लागतो, एक्स्चेंजमधला रिले तो ओळखतो आणि घंटेची वीज तत्काळ तोडतो. म्हणून आपल्या कानाला इजा होत नाही. पण खांबावरच्या माणसाच्या कोरड्या हातातून जाणारा प्रवाह थोडा असतो. माणसाला दचकवायला तो पुरतो, रिलेला जागे करायला सहसा पुरत नाही. घंटा चालूच राहते. ऐकणाऱ्याच्या कानाची काळजी यंत्राने घेतली. तार जोडणाऱ्याच्या हाताची काळजी घेणे हे मालकाचे काम होते, ते त्याने केले नाही.

हे सारे मी कंत्राटदारांपुढे मांडले. ते गृहस्थही मीटर घेऊन आले होते. चालू लाइनवर घंटा वाजवून त्यांनी काटा दाखवला. कुणी काही बोलले नाही. मागितली त्याच्या निम्मी भरपाई मिळाली, आणि पुढच्या महिन्यात उरलेल्या माणसांना रबरी हातमोजे मिळाले. पडलेला माणूस मात्र पुन्हा खांबावर चढू शकला नाही. त्या निम्म्या रकमेचे शल्य मला आजही आहे.

आता घंटा आपल्या खिशात वाजते, आणि ती खिशातल्याच बॅटरीवर. तांब्याच्या तारा जाऊन काचेच्या तंतूतून प्रकाश धावतो. त्यात ही वीज नाही. पण तो तंतू खांबावर चढवणारा माणूस आहेच. त्याला काही झाले आणि कुणी म्हणाले, "ह्यात कसला धोका?", तर ऐकून घेऊन परत फिरू नका. ते यंत्र उघडून पाहा, जाणत्याला विचारा, आकडा मागा. मला हे उशिरा कळले. आपल्याला वेळेवर कळावे, एवढ्यासाठीच आज बोललो.