बोट मिळते, जागा मिळत नाही: लंडनच्या कालव्यावर राहण्याबद्दल

(या भागाचं हे शब्दांकन. बोलण्यातली वळणं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)

आज मी घरातूनच बोलतेय, त्यामुळे मध्येच धडधड ऐकू आली तर समजा की शेजारून कोणीतरी गेलं. शेजारून म्हणजे अगदी खिडकीला लागून. माझं घर सत्तावन्न फूट लांब, सहा फूट दहा इंच रुंद आणि पोलादी आहे. मधोमध उभं राहून हात पसरले की दोन्ही भिंतींना जवळजवळ लागतात.

मागच्या भागात मी सहज बोलून गेले की मी नॅरोबोटवर राहते. त्यावर आलेल्या मेसेजेसपैकी निम्मे "फोटो टाक" असे होते. उरलेल्यांचा प्रश्न एकच होता. मूळचा नाशिकचा, इथे मास्टर्स करून आता लंडनमध्येच नोकरीला लागलेला एक श्रोता लिहितो, "ताई, अर्धा पगार खोलीच्या भाड्यात जातो. सेकंडहँड बोट घेतली आणि ऑफिसजवळच्या कालव्यात लावली तर?"

बाबा रे, बोट घे. पण "ऑफिसजवळच्या कालव्यात लावली तर" हे शेवटचे चार शब्द आहेत ना, तिथेच सगळी गोम आहे. मी ते न तपासता बोट घेतली होती, आणि पहिल्याच वर्षी घर हातचं जायची वेळ आली होती. आज तेच सांगते.

आधी थोडी ओळख. मी मिरजेची. इथे लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपलजवळ नर्स आहे. बारा बारा तासांच्या शिफ्ट. आईला बोटीचं सांगितलं तेव्हा ती फोनवर गप्पच झाली. 2019 च्या पुरात आमच्या मामाच्या घरात, सांगलीला, पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. ती म्हणाली, "अगं, आम्ही पाण्यापासून लांब पळतोय आणि तू पैसे देऊन पाण्यात राहायला चाललीस?" कालव्याचं पाणी वेगळं असतं, ते दारं आणि बांध घालून एका पातळीवर ठेवलेलं असतं, हे तिला समजावता समजावता महिना गेला. अर्थात मी अर्धंच खरं सांगत होते. लंडनमध्ये आम्ही जिथे फिरतो त्यातली ली ही मुळात नदी आहे. पाऊस झाला की तिला ओढ येते, आणि मग बोट बांधलेले दोर रात्री उठून बघावे लागतात.

तर लायसन्स. इंग्लंड आणि वेल्समधले बहुतेक कालवे, साधारण दोन हजार मैलांचे जलमार्ग, कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची संस्था सांभाळते. 2012 मध्ये तिने सरकारी ब्रिटिश वॉटरवेजकडून हे काम घेतलं. त्यांच्या पाण्यात बोट ठेवायची तर लायसन्स लागतं आणि ते बोटीच्या मापानुसार ठरतं. माझ्या मापाच्या बोटीला वर्षाला हजार पौंडांच्या वर. थेम्सच्या भरती-ओहोटी नसलेल्या भागात जायचं तर ती वेगळी यंत्रणा, एन्व्हायर्नमेंट एजन्सी. दोन्हीकडे फिरायचं असेल तर गोल्ड लायसन्स मिळतं. नवशिक्याने त्या भानगडीत लगेच पडू नये. लाइमहाउसच्या दारातून बाहेर पडलात की थेम्सला भरती-ओहोटी असते, आणि तिथे आमच्या असल्या सपाट बुडाच्या बोटी घेऊन जायला अनुभव लागतो.

लायसन्ससाठी एक तर विमा लागतो. दुसरं, बोट सेफ्टी स्कीमचं सर्टिफिकेट, जे चार वर्षं चालतं. गॅसची नळी, वायरिंग, डिझेलची टाकी, सगळं तपासतात. 2019 पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा आहे. इथे मी नर्स म्हणून दोन मिनिटं जास्त घेणार आहे. बोटीत थंडीत कोळशाची शेगडी पेटवतात, आणि थंडी लागते म्हणून लोक हवा यायच्या फटी कापडं कोंबून बंद करतात. या वायूला वास नसतो. डोकं दुखतं, मळमळतं, माणसाला वाटतं फ्लू आलाय, आणि तो झोपून जातो. त्या फटी उघड्याच ठेवा. अलार्मचं बटण आठवड्यातून एकदा दाबून बघा. फार किटकिट करतो म्हणून बॅटरी काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत, म्हणून सांगतेय.

आणि तिसरी गोष्ट. फॉर्मवर विचारतात, तुमची बोट राहते कुठे? याची उत्तरं दोनच. एक, माझ्याकडे होम मूरिंग आहे, म्हणजे बोट बांधायची हक्काची, भाड्याची जागा. दोन, माझ्याकडे अशी जागा नाही, मी फिरत राहीन. या दुसऱ्याला कंटिन्युअस क्रूझिंग म्हणतात. फॉर्मवर एक टिकमार्क असते फक्त. पण सगळं आयुष्य त्या टिकमार्कवर ठरतं.

मी दुसरी टिक केली. कारण सोपं होतं, पहिलीला पैसे नव्हते. आणि एका ओळखीच्या बोटवाल्याने सांगितलं होतं, "दर चौदा दिवसांनी हलायचं, बस्स." मी मनात म्हटलं, मग काय, या पुलाखालून त्या पुलाखाली. रस्त्यावर गाडी पार्क करतो तसं.

1995 च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यात असं लिहिलेलं नाही. त्याचा अर्थ असा आहे की होम मूरिंग नसेल तर लायसन्सच्या पूर्ण काळात बोट खरोखर प्रवासासाठी वापरली गेली पाहिजे, आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता कामा नये, सबळ कारण असेल तर थोडं जास्त. माझ्या डोक्यात फक्त चौदा दिवस बसले. प्रवास हा शब्द मी सोडूनच दिला. आणि "ठिकाण" म्हणजे एक खांब किंवा एक पूल नाही, तो अख्खा परिसर धरतात. आपल्याकडे कसं, घर बदललं पण गल्ली तीच, तर बदललं असं कोणी म्हणत नाही. तसंच.

मी काय करत होते? व्हिक्टोरिया पार्क, मग हॅकनी विक, मग टॉटनहॅम, परत व्हिक्टोरिया पार्क. सगळं मिळून पाच-सहा मैल. हलत होते अगदी वेळेवर, कॅलेंडरला रिमाइंडर लावून. नाइट ड्यूटीवरून आल्यावर सकाळी नऊला बोट हलवलीय मी, डोळे मिटत असताना. वाटायचं, किती शिस्तीत चाललंय आपलं. पण टोपाथवरून, म्हणजे काठच्या पायवाटेवरून, नोंद घेणारी माणसं नियमित फिरतात आणि बोटीचा नंबर, तारीख, जागा टिपतात. वर्षभरात वीस मैलांपेक्षा कमी पट्ट्यात फिरणाऱ्या बोटीने कायद्याची अट पाळली असं मानणं फार कठीण, असं ट्रस्टने जाहीर सांगितलेलं आहे. ते मी वाचलंच नव्हतं. पत्र आलं. नंतर नूतनीकरणाच्या वेळी वर्षाऐवजी सहा महिन्यांचं लायसन्स हातात पडलं. या सहा महिन्यांत नीट फिरलात तर पुढे बघू.

ते कागद वाचताना पोटात गोळा आला होता. भाडं थकलं तर घरमालक नोटीस देतो, आपण दुसरी खोली शोधतो. इथे लायसन्स गेलं तर बोट पाण्यातून काढायला सांगू शकतात, आणि ती बोट म्हणजेच माझं घर, माझी सगळी बचत. आईला यातलं काही सांगितलं नाही. हा भाग ती ऐकेल बहुतेक. आई, आता सगळं ठीक आहे गं.

मग मी होम मूरिंग शोधायला लागले, आणि इथे दुसरा धडा. मूरिंगमध्ये लिझर आणि रेसिडेन्शियल असे प्रकार असतात. लिझर म्हणजे बोट ठेवा, शनिवार-रविवार येऊन फिरा, पण तिथे राहू नका. रेसिडेन्शियल म्हणजे त्या जागेला वस्तीची प्लॅनिंग परवानगी आहे. तिथे काउन्सिल टॅक्सही येतो आणि बहुधा पोस्टाचा पत्ताही मिळतो. जाहिरातीत हा फरक धूसर ठेवतात. एका मरीनात मला तोंडी सांगितलं, "राहा की, कोण विचारतंय." करार हातात आल्यावर बघते तर त्यात लिझर लिहिलेलं. उद्या कोणी विचारलंच तर जाणार मी, मरीनावाला नाही. लेखी विचारा, आणि उत्तर लेखीच घ्या. तसंच दलाल म्हणाला की बोट मूरिंगसकट विकतोय, तर त्या जागेच्या मालकाला स्वतः फोन करा, कारण बरेचदा जागा आधीच्या माणसाच्या नावाची असते आणि बोटीबरोबर ती मिळत नाही. आणि घराच्या भाडेकरूला कायद्याचं जे संरक्षण असतं, ते मूरिंगवाल्याला बहुतेक ठिकाणी नसतं.

लंडनच्या मध्यभागी रेसिडेन्शियल जागा मुळात कमी. रिकामी होते ती क्वचित, आणि पैसे लायसन्सच्या कित्येक पट. म्हणून म्हणतेय, बोट महिनाभरात मिळते. जागा मिळायला वर्षं जातात.

मग मी काय केलं? नकाशा उलटा धरला. आतापर्यंत बघत होते, हॉस्पिटलच्या जवळ कालवा कुठे आहे. आता बघायला लागले, रेल्वेच्या जवळ कालवा कुठे आहे. ली नदीला लागून लिव्हरपूल स्ट्रीटहून हर्टफर्डला जाणारी लाइन आहे. टॉटनहॅम हेल, एनफील्ड लॉक, वॉल्टहॅम क्रॉस, चेझंट, ब्रॉक्सबर्न, वेअर, हर्टफर्ड, सगळी स्टेशनं पाण्यापासून चालत जाण्यासारखी. लिव्हरपूल स्ट्रीटहून एलिझाबेथ लाइनने पुढचंच स्टेशन व्हाइटचॅपल. दुसरीकडे रीजंट्स कालव्याने पश्चिमेला लिटल व्हेनिस, तिथून पॅडिंग्टन शाखेने साउथॉल, मग हेझ, वेस्ट ड्रेटन. साउथॉलहून व्हाइटचॅपलला एलिझाबेथ लाइनची थेट गाडी. शिवाय साउथॉलला कढीपत्ता ताजा मिळतो, हा बोनस.

म्हणजे पूर्वेला हर्टफर्डपासून पश्चिमेला वेस्ट ड्रेटनपर्यंत, वर्षभराचा खरा प्रवास झाला आणि नोकरीही टिकली. कधी वीस मिनिटांत कामावर पोचते, कधी सव्वा तास लागतो. ब्रॉक्सबर्नला असताना सकाळच्या ड्यूटीसाठी पाचच्या आधी उठावं लागतं, जानेवारीत, चिखलातून टॉर्च घेऊन. हे सोसायची तयारी नसेल तर कंटिन्युअस क्रूझिंग तुमच्यासाठी नाही, हे मी अगदी सरळ सांगते. स्वस्त भाड्याची युक्ती म्हणून ते करू नका. शिवाय स्वस्तही फार काळ राहणार नाही. एप्रिल 2024 पासून होम मूरिंग नसलेल्यांच्या लायसन्सवर अधिभार सुरू झालाय आणि तो टप्प्याटप्प्याने 2028 पर्यंत 25 टक्क्यांवर न्यायचं ठरलंय. ज्यांना हक्काची जागा परवडत नाही त्यांच्याच खिशाला हा चटका आहे, आणि मला तो पटत नाही. पण हिशेबात धरावाच लागतो.

हिशेबात आणखी बरंच धरावं लागतं, भराभर सांगते. दर दोन-तीन वर्षांनी बोट पाण्याबाहेर काढून बुडाला काळा थर द्यायचा. टॉयलेटची टाकी स्वतः नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची. नर्स असल्यामुळे मला त्याचं काही वाटत नाही, तुम्हाला वाटेल. डिझेल, गॅस, कोळसा. वेग ताशी चार मैल हीच मर्यादा, आणि बांधलेल्या बोटींजवळून त्याहून हळू, म्हणजे हलवायला सुट्टीचा अख्खा दिवस जातो. आधी रोस्टर बघते, मग नकाशा. हिवाळ्यात काही लॉक दुरुस्तीसाठी बंद असतात, ती यादी आधी बघा, नाहीतर दारामागे अडकाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी काही ठिकाणी पैसे भरून विंटर मूरिंग घेता येतं. मी एकदा घेतलं होतं आणि ते महिने झोप छान लागली. मध्य लंडनमधल्या काही जागांवर चौदा दिवसही थांबता येत नाही, काही पैसे देऊन आधी बुक कराव्या लागतात. काठावरची पाटी वाचायची सवय लावा. आजारी पडलात, इंजिन गेलं, तर मुदत संपायच्या आधी कळवा, कारण द्या. कायद्यात त्याची सोय आहे, पण गप्प बसणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

पत्त्याचं बऱ्याच जणांनी विचारलंय. कालव्याला पिनकोड नसतो. माझी पत्रं एका मैत्रिणीच्या घरी येतात, तिच्या लेखी परवानगीने. व्हिसावर असाल तर पत्ता अपडेट ठेवणं ही तुमची जबाबदारी आहे, तिथे टंगळमंगळ नको. जीपीकडे नाव नोंदवायला मात्र पत्त्याचा पुरावा नाही म्हणून नकार देता येत नाही. काउंटरवर अडवलं तर शांतपणे हे सांगा.

आता नाशिककर दादा, तुझ्यासाठी एक काम. बोटींच्या वेबसाइट सध्या बंद कर. येत्या शनिवारी टॉटनहॅम हेलला उतर आणि टोपाथने उत्तरेकडे चालत सुट. दमलास तिथे थांब, जवळचं स्टेशन बघ, सोमवारी सकाळी तिथून ऑफिसला जाऊन बघ. एकदा नाही, दोन आठवडे. पावसातही. वाटेत बोटवाले भेटतील, त्यांना विचार, चहा देतील. मग पैशांचं बघू.

मला आता उठायला हवं, पाण्याच्या नळावर माझ्या पुढे एकच बोट उरलीय आणि तिची टाकी भरत आलीय. भेटू पुढच्या भागात, बहुतेक एनफील्डहून.