चालकाचे स्थलांतर : पगार कोणाचा, घरभाडे कोणाचे?

(सोलापूर येथे वाहतूक कामगारांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मालमोटार चालवणाऱ्या माणसाने गाव सोडून मुंबईच्या बाजूला जावे की नाही, हा वरवर पाहता ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. सोलापुरात मिळते त्यापेक्षा कळंबोलीला किंवा तुर्भ्याला अधिक मिळते. मग जावे, इतके ते सोपे दिसते. परंतु एकाच शहरातील अनेक घरांत जेव्हा एकच हिशेब मांडला जातो, तेव्हा तो त्या शहराच्या अर्थव्यवस्थेचा प्रश्न झालेला असतो.

सोलापूर हे मुळात माणसे बाहेर धाडणारे शहर नव्हते. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढे कित्येक दशके हे शहर भोवतालच्या दुष्काळी मुलखातून व तेलंगणातून माणसे ओढून घेत राहिले. पूर्व भागातील मागांची वस्ती त्यातूनच उभी राहिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि गिरणीतील कायम नोकरी, तिच्याबरोबर येणारा भविष्यनिर्वाह निधी व युनियन हे सारे त्या घरांतून गेले. गिरणी कामगाराच्या नातवाच्या हाती आज सुकाणूचक्र आले असेल, तर त्यात नवल नाही.

सोलापुरात वाहतुकीचे काम नाही असे नाही. पुणे-हैदराबाद व विजयपूर-धाराशिव हे राष्ट्रीय महामार्ग येथे एकमेकांना छेदतात. होटगीच्या बाजूचे सिमेंट आहे, चादरी-टॉवेल आहेत, साखर आहे. पण साखरेचा हंगाम वर्षातील काही महिन्यांचा आणि परतीच्या मालाची खात्री नाही. रिकामी गाडी परत आणण्याचा तोटा शेवटी चालकाच्या भत्त्यातून वसूल होतो. उलट, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून त्या परिसरात कंटेनरची वाहतूक बारमाही झाली. काम तिकडे आहे, ही वस्तुस्थिती नाकारून उपयोग नाही.

आता हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. समजा, एका चालकाला सोलापुरात भत्त्यासह १८ हजार रुपये मिळतात. पत्नी घरी विड्या वळते, तिचे ५ हजार. घर स्वतःचे, दोन खोल्यांचे. आई घरात असल्यामुळे मुलांकडे लक्ष आहे. एकूण प्राप्ती २३ हजार. कळंबोलीला ट्रेलरवर २७ हजारांचे काम चालून आले. पगार दीडपट झाला, असे सारी आळी म्हणते. पण एका खोलीचे भाडे ८ हजार, आणि पत्नीचे ५ हजार बंद. हाती उरले १९ हजार. म्हणजे पगार ९ हजारांनी वाढला आणि संसार ४ हजारांनी खाली आला. दूध, शाळा आणि गावी येण्याजाण्याचा खर्च यात धरलेलाच नाही.

पत्नीला तिकडे चार घरचे काम मिळाले आणि त्याचे ८ हजार आले, तर हाच व्यवहार ४ हजारांनी नफ्याचा होतो. मात्र मग मुलांना सांभाळणार कोण, हा प्रश्न उरतो. कारण आजी सोलापुरातच राहिलेली असते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. चालकाच्या स्थलांतराचा निर्णय चालकाच्या पगारावर ठरत नाही, तो त्याच्या पत्नीच्या श्रमावर ठरतो. तिचे विडीचे काम हे ‘जोडधंदा’ म्हणून बाजूला सारले जाते. वस्तुतः कारखान्याच्या ब्रँचमधून पान-तंबाखू आणून ती जे कमावते, त्याच्या मागे १९६६ च्या विडी कामगार कायद्याने मिळवलेला कामगाराचा दर्जा आहे, ओळखपत्र आहे, फंड आहे. शहर सोडताच तिचे ते काम सुटते. घरात तिला विचारल्याशिवाय हा हिशेब पुरा होऊच शकत नाही.

तिसरा मार्ग बहुतेकांना परिचित आहे : कुटुंब सोलापुरात आणि माणूस गाडीवर. २७ अधिक ५, म्हणजे ३२ हजार. त्यातून त्याचे खाणेपिणे व प्रवास ६ हजार वजा केला तर २६ हजार उरतात. नफा ३ हजारांचा आणि त्यात धोका कमी. म्हणून बाजार माणसाला याच मार्गाकडे ढकलतो. केबिन हेच घर होते. गिरणगावातील गाळ्यात पाळीपाळीने झोपणारा आणि खानावळीत जेवणारा कामगार असाच जगला. त्याचे कुटुंब कोकणात किंवा घाटावर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला, तेव्हा अनेकांना गावच्या शेताने तगवले. मुंबईच्या उद्योगाने कामगाराचे म्हातारपण, आजारपण आणि मुलांचे संगोपन गावावर टाकून दिले होते. आज बंदराची वाहतूक तेच ओझे सोलापूरवर टाकत आहे. फरक इतकाच की गिरणी कामगारामागे संघटना होती. या चालकामागे बहुधा नेमणुकीचा कागददेखील नसतो.

महाग शहरात राहण्याचा खर्च ही मालकाची जबाबदारी आहे, हे तत्त्व काही नवे नाही. केंद्र सरकारने आपल्या नोकरांसाठी ते केव्हाच मान्य केले आहे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१७ साली घरभाडे भत्त्याचे दर शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ पगाराच्या २४, १६ व ८ टक्के ठरले आणि महागाई भत्त्याबरोबर ते वाढण्याची तरतूदही झाली. मुंबई-पुणे पहिल्या वर्गात, सोलापूर दुसऱ्या वर्गात. सोलापूरहून मुंबईला बदली झालेल्या कारकुनाला शहर महाग म्हणून अधिक पैसे मिळतात. त्याच रस्त्याने गेलेल्या चालकाला मिळत नाहीत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. पण गार हवेची केबिन म्हणजे राहण्याची खोली नव्हे.

आणखी एक विसंगती पाहा. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. गाडीत माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या हमालासाठी मंडळ आले, मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेऊन फंडाची व्यवस्था झाली. तोच माल चारशे किलोमीटर वाहून नेणाऱ्याला मात्र असे मंडळ नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, लांबच्या पल्ल्याला दहा. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. एक-दोन गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक प्रथमपासूनच बाहेर राहिला.

मग जाऊच नये काय? असे म्हणणे अन्यायाचे होईल. अविवाहित तरुणाने, किंवा जिच्या हाती तिकडे चांगले काम येऊ शकते अशा पत्नीसह जाणाऱ्याने अवश्य जावे. गाव सोडून गेलेल्यांची मुले शिकली, हेही खरे आहे. मात्र जाण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या कराव्यात : पगार महिन्याचा की खेपेवर; बंदरात गाडी खोळंबली तर त्या दिवसांचे पैसे कोणाचे; फंड कापला जातो का आणि भरला जातो का; अपघातात गाडी अडकली तर जामिनाला कोण उभे राहणार. उचल घेऊन तर कदापि जाऊ नये. उचल फिटेपर्यंत काम सोडण्याचे स्वातंत्र्य गहाण पडते.

व्यक्तीने एवढे करावे. संघटनेने मात्र याच्या पुढे गेले पाहिजे. चालकांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ, शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे, बंदर व बाजारपेठेपाशी विश्रांतिगृहे या मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी कुंभारीच्या माळावर संघटनेच्या बळावर हजारो घरे उभी करून घेतली. ज्या घरातील स्त्रीने हे करून दाखवले, त्या घरातील पुरुषाला केबिनमध्ये आयुष्य काढावे लागू नये, एवढी मागणी कोणत्याही अर्थशास्त्रात बसणारी आहे.