परीक्षक कोणी नेमावे?

(मालगुंड येथील भाषणाचा मजकूर)



केशवसुतांच्या जन्मगावी कलेच्या मूल्यमापनाचा विचार करताना आरंभीच एका गोष्टीचे स्मरण ठेवणे उचित ठरेल. 1866 साली जन्मलेल्या आणि 1905 साली निवर्तलेल्या या कवीला आज आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून गौरविले जाते; परंतु शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारावर आयुष्य काढलेल्या केशवसुतांचा एकही संग्रह त्यांच्या हयातीत निघाला नाही. तो निघाला मृत्यूनंतर, हरि नारायण आपटे यांच्या पुढाकाराने. समकालीनांचा निवाडा अंतिम नसतो, हे मालगुंडला निराळे सांगावयास नको.

कविता कागदावर टिकते, म्हणून कवीला काळाकडे दाद मागता येते. नमन-खेळ्यांच्या मंडळाला किंवा जाखडीच्या शाहिराला ती सोय नाही. दिवसा शेतात वा मचव्यावर राबलेले हात रात्री मृदंगावर पडतात. मुंबईचा चाकरमानी रजा टाकून गावी येतो, पायात घुंगरू बांधतो. आणि महोत्सवाच्या मंचावर मिळालेल्या ठरावीक मिनिटांत त्यांचा निकाल लागतो. त्या निकालावर पुढच्या गावचे आमंत्रण, बिदागी आणि वाडीची पत अवलंबून असते. तेव्हा परीक्षकांच्या नेमणुकीचा प्रश्न हा केवळ शिष्टाचाराचा नव्हे, न्यायाचा आहे.

हे परीक्षक नेमतो कोण? बहुधा संयोजक समिती. आणि समितीच्या कानाशी देणगीदार. शहरातले एखादे परिचित नाव, एखादा प्राध्यापक, एखादा पदाधिकारी, अशी यादी तयार होते. ही माणसे अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. परंतु त्यांचा मापदंड पडद्याच्या रंगमंचावर घडलेला असतो. नमनातला संकासुर प्रेक्षकांत शिरून त्यांची थट्टा करतो, हे त्या प्रकाराचे सामर्थ्य. पण नवखा परीक्षक त्याच्यापुढे ‘विस्कळीत’ असा शेरा मारून मोकळा होतो. शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात प्रतिपक्षाच्या सवालाला शाहीर कसा जबाब देतो, हे जाणत्या श्रोत्याला तत्काळ उमगते. गुणपत्रिकेत मात्र त्यासाठी रकानाच नसतो.

मग निवाडा प्रेक्षकांवरच सोपवावा काय? हा उपाय दिसतो लोकशाहीचा, पण तसा तो नाही. ज्या वाडीची माणसे अधिक, तिचे मंडळ पहिले, असाच त्याचा परिणाम होईल. संख्याबळ म्हणजे लोकशाही नव्हे.

निवड निर्दोष झाली तरी बेरजेचा दोष उरतोच. समजा, पहिल्या मंडळाला दोन परीक्षकांनी शंभरपैकी 64-64 गुण दिले आणि दुसऱ्याला 60-60. तिसऱ्याने मात्र पहिल्याला 45 आणि दुसऱ्याला 60 दिले. बेरीज होते 173 आणि 180. तिघांपैकी दोघांनी पहिले मंडळ श्रेष्ठ मानले, तरी पारितोषिक दुसऱ्याला! जो हात सैल सोडतो त्याचे मत जड होते. गुणांऐवजी क्रमांक मिळविले तर निकाल उलटतो. क्रमांकांची पद्धतही सर्वस्वी निर्दोष नाही. 1785 साली फ्रान्समध्ये कोंदोर्से यांनी बहुमतातील विसंगती दाखविली. आणि तीन वा अधिक पर्याय असता काही वाजवी अटी एकाच वेळी पाळणारी क्रमवारीची कोणतीही रीत संभवत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1951 साली सिद्ध केले. म्हणूनच ‘आकड्यांनी ठरविले’ ही सबब परीक्षकाला घेता येत नाही. आकड्यांमागचे कारण त्याने सांगितलेच पाहिजे.

या संदर्भात पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकाचे उदाहरण बोलके आहे. 1963 पासून चालत आलेल्या या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी करंडकास योग्य अशी एकही एकांकिका नसल्याचे ठरविले. पहिल्या क्रमांकाची रक्कम दिली गेली, करंडक मात्र दिला गेला नाही. मोठे वादळ उठले. परीक्षकांना ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलाच पाहिजे. तो नसेल तर पारितोषिक हा केवळ वाटपाचा कार्यक्रम होईल. पण त्या अधिकाराबरोबर एक कर्तव्यही येते. कसोटी स्पर्धेपूर्वी जाहीर हवी, आणि नकाराची कारणे ज्यांनी घाम गाळला त्यांच्यासमोर मांडली गेली पाहिजेत.

यातून लोकमहोत्सवांसाठी काही साधे नियम निघतात. मंडळात निदान एक परीक्षक त्याच कलेतला जुना जाणता असावा. आयुष्यभर मृदंग वाजविलेला म्हातारा पदवीधराच्या बरोबरीने बसावा आणि त्याचे मानधनही तितकेच असावे. स्पर्धक मंडळाशी नाते वा देवघेव असेल तर परीक्षकाने ती आधी सांगावी व त्या प्रयोगापुरते बाजूस व्हावे. देणगीदाराला नेमणुकीत मत नसावे. आणि निकालानंतर परीक्षकांनी कलावंतांसमवेत तासभर बसून आपले शेरे समजावून सांगावेत, त्यांचे ऐकूनही घ्यावे.

यास फारसा पैसा लागत नाही. संकोच तेवढा सोडावा लागतो. कार्यकर्त्यांनी आपापल्या गावच्या समितीत हा आग्रह धरावा. सत्तेला जाब विचारण्याची सवय विधिमंडळापासूनच सुरू होते असे नाही. ती गावच्या मांडवातही लागू शकते. हरलेले मंडळ ‘का हरलो’ हे समजून घरी परतले, तर पुढच्या वर्षी ते पुन्हा येईल. न समजता परतले, तर एखादे वर्ष असे उजाडेल की मांडव असेल, परीक्षक असतील, आणि मृदंग मात्र खुंटीला टांगलेला असेल.