साठीनंतरची एक चाचणी

वाशीमच्या एखाद्या घरांत सहज घडेल अशी ही गोष्ट. गृहस्थांनीं नुकतीच साठी ओलांडली आहे, प्रकृति ठणठणीत. पुण्यास नोकरीला असलेला मुलगा सुटींत येतो व म्हणतो, "बाबा, रक्ताच्या सगळ्या तपासण्या एकदमच होतात. उद्यां सकाळीं माणूस घरींच येईल." माणूस येतो, रक्त नेतो. दोन दिवसांनीं आलेल्या कागदावर 'पी. एस. ए.' या अक्षरांपुढें ६ हा आकडा ठळक छापलेला असतो. घर एकदम गप्प होतें. ज्या प्रश्नाचा कोणीं विचारच केला नव्हता, त्याचें उत्तर हातांत आलेलें असतें.

श्रोतेहो, हा विचार सुई टोचण्यापूर्वीं व्हावयास हवा होता.

पुरुषाच्या शरीरांत मूत्राशयाच्या खालीं, मूत्रमार्गाभोंवतीं, अक्रोडाएवढी प्रोस्टेट नांवाची ग्रंथि असते. तिच्यांत तयार होणारें एक प्रथिन थोडेंसें रक्तांत उतरतें. तें मोजणें हीच ही चाचणी. कर्करोगांत तें वाढतें हें खरें. परंतु उतारवयांत ग्रंथि नुसती मोठी झाली, तिला जंतुदोष झाला किंवा लघवीसाठीं नळी घातली, तरीहि तें वाढतें. आकडा ४ ते १० यांच्या दरम्यान आलेल्या चार पुरुषांपैकीं सुमारें एकालाच पुढील तपासांत कर्करोग आढळतो. उलट, आकडा लहान आला म्हणून निर्धास्त होतां येत नाहीं. हा न्यायाधीशाचा निकाल नव्हे. पोलीसपाटलाची वर्दी होय.

वर्दीमागून तपास आलाच. फेरचाचणी, एम. आर. आय., मग सुईनें ग्रंथीचे बारीक तुकडे काढून पाहणें. आणि त्यासाठीं बहुधा अकोला किंवा नागपूर गांठावें लागतें. परंतु खरी अडचण प्रवासाची नाहीं. या ग्रंथीचे कांहीं कर्करोग इतके मंद असतात कीं, माणूस आपलें आयुष्य पुरें करून दुसऱ्याच कारणानें जातो. कांहीं मात्र हाडांत शिरतात. शस्त्रक्रियेनें किंवा किरणोपचारानें प्राण वांचूं शकतात. तसाच लघवीवरील ताबा आणि पुरुषत्वहि जाऊं शकतें.

युरोपांतील आठ देशांत सुमारें १,६२,००० पुरुषांवर झालेल्या प्रयोगाचा २३ वर्षांचा हिशेब २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. चाचणीस बोलावलेल्यांत या रोगाचे मृत्यु १३ टक्क्यांनीं घटले. ४५६ जणांस बोलावलें तेव्हां एक मृत्यु टळला. आणि त्या एकामागें १२ माणसें अधिक रोगी ठरलीं. ब्रिटनमधील दुसऱ्या प्रयोगाचा १५ वर्षांचा निष्कर्ष २०२३ सालीं आला. रोग ग्रंथीपुरताच असतां शस्त्रक्रिया, किरण किंवा नुसती देखरेख, यांपैकीं कांहींहि केलें तरी या रोगानें दगावलेले शेंकडा तीनच्या आसपासच होते.

अमेरिकेंतील तज्ज्ञमंडळानें २०१८ सालीं ५५ ते ६९ वर्षांच्या पुरुषांनीं डॉक्टरांशीं बोलून स्वतः ठरवावें, सत्तरीनंतर ही चाचणी करूं नये, असा सल्ला दिला. आपल्या सरकारच्या २०१६ सालच्या योजनेंतहि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, प्रोस्टेटची नाहीं.

तेव्हां एकाच आळींतील दोघांचे निर्णय निराळे असूं शकतील. ज्याचे वडील किंवा भाऊ या रोगानें गेले, त्यानें पंचावन्नाव्या वर्षीं चाचणी करून घेतली, तर तो शहाणा. ज्याचें वय पंचाहत्तर आणि हृदय अधू, त्यानें नको म्हटलें, तर तोहि शहाणाच.

मात्र लघवी अडणें, लघवींतून रक्त जाणें, कंबरेचें हाड सतत दुखणें, यांत निवडीचा प्रश्नच नाहीं. रिसोडकडील शेतकरी असो वा कारंज्याचा व्यापारी, वयाचा परिणाम म्हणून हें सोसण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. ती सोडून ताबडतोब दवाखाना गांठावा.

वाशीमच्या त्या गृहस्थांस डॉक्टर कांहीं आठवड्यांनीं फेरचाचणी करावयास सांगतील. तोंवर घाबरण्याचें कारण नाहीं. मुलाचा हेतु प्रेमाचाच होता. वडील त्याला एवढेंच म्हणतील, "तूं विचारलें असतेंस, तर कदाचित् मीं होच म्हटलें असतें. पण आधीं विचारावयास हवें होतें."