टाळू शिवली, जबडा राहिला
(मुख व जबडा शल्यचिकित्सकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



वरचा जबडा जागेवर आणण्याच्या शस्त्रक्रियेवर बोलायचं ठरवलं, तेव्हा डोळ्यांसमोर आली ती ओपीडीच्या बाकावर बसलेली एक सतरा वर्षांची मुलगी. आईने पिशवीतून पेरू काढून तिच्या हातात दिला. तिने तो पुढच्या दातांनी तोडला नाही. मान तिरकी केली, पेरू ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवला आणि दाढांखाली धरून ओढून तुकडा तोडला. खालचे दात वरच्या दातांच्या सेंटिमीटरभर पुढे होते. वरच्या ओठावर जुना, बारीक व्रण. बाळपणी कुणीतरी चांगल्या हाताने दुभंगलेला ओठ आणि टाळू शिवली होती.

आईने विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही पोटात असताना ग्रहणात मी विळी हातात धरली होती. त्याचंच हे अजून चाललंय का हो?"

सतरा वर्षं त्या माउलीने हा दोष स्वतःच्या माथी घेतला होता. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही, हे तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. आणि शिवलेल्या टाळूचा जबडा वाढीत मागे राहू शकतो, हेही कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या गोष्टीसाठी समाजाला बोल लावता येईल. दुसरी आपली चूक आहे.

टाळू शिवावीच लागते, त्याशिवाय मूल नीट बोलणार नाही. पण शिवताना हाडावरचं मांस उचलावं लागतं, तिथे व्रण होतो, आणि तो व्रण वाढत्या जबड्याला मागे धरून ठेवतो. सगळ्यांच्या बाबतीत नाही, पण अनेकांच्या. चेहऱ्याचा मधला भाग खोलगट राहतो, 'स' घसरतो, आणि वयात येणारं मूल फोटोत तोंडावर हात धरायला शिकतं.

हा जबडा सुटा करून पुढे आणता येतो, हे ज्ञान फार जुनं नाही. १९०१ साली फ्रान्समध्ये रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडं कोणत्या रेषांवर मोडतात ते नोंदवलं. त्यांचं नाव आपण रोज घेतो, पण त्यांनी ही शस्त्रक्रिया केली नव्हती. आपण फक्त त्यांच्या रेषेवर करवत चालवतो. नाकामागची गाठ काढायला वाट हवी म्हणून लांगेनबेक यांनी तर १८५९ मध्येच वरचा जबडा कापला होता. चाव्यातला दोष सुधारण्यासाठी वासमुंड यांनी १९२७ मध्ये हा काप घेतला, पण जबडा पूर्ण सुटा करण्याचं धाडस केलं नाही. नंतर ताण लावून तो ओढला. १९३४ मध्ये अ‍ॅक्सहाउझेन यांनी तो सुटा केला, आणि १९६०च्या दशकात ओबवेगेसर यांनी आग्रह धरला की जबडा इतका मोकळा व्हायला हवा की ओढ न लावता तो नव्या जागी बसावा.

मधली इतकी वर्षं सगळ्यांना एकच भीती होती: सुटा केलेला जबडा जगेल का? उत्तर दिलं ते विल्यम बेल यांनी, माकडांवरच्या प्रयोगांतून. टाळूचं मांस आणि हिरड्या चिकटलेल्या राहिल्या, तर हाड चारी बाजूंनी कापूनही रक्त पोहोचतं, हे १९७०च्या आसपास त्यांनी दाखवून दिलं. माझ्या मते या शस्त्रक्रियेचा खरा पाया हाच. विद्यार्थ्यांनी करवत हातात घेण्याआधी बेल वाचावेत.

शस्त्रक्रिया अशी: काप वरच्या ओठाच्या आतून, चेहऱ्यावर खूण नाही. नाकाच्या कडेपासून गालाच्या हाडाच्या आधाराकडे करवत जाते, दातांच्या मुळांच्या टोकांपासून निदान पाच मिलिमीटर वरून. सगळ्यात मागे वाकडी छिन्नी लावायची, तेव्हा दुसऱ्या हाताचं एक बोट टाळूवर हवंच. हातोडीचा ठोका पडला की छिन्नीचं टोक त्या बोटाला जाणवतं. तेवढ्यावरच कळतं की आपण कुठे आहोत. वरच्या बाजूला मोठी रोहिणी आहे. मग बोटांच्या दाबाने जबडा खाली उतरतो. अशा वेळी मी आधी हिरड्यांचा रंग बघतो. गुलाबी असेल तर पुढचं काम. पूर्वी इथून पुढे सहा-सहा आठवडे दोन्ही जबडे तारांनी बांधून ठेवत; आता टायटॅनियमच्या चार छोट्या पट्ट्या पुरतात. संगणकावर आराखडा होतो, चाव्याचा साचा छापून येतो. पण साचा दात कुठे बसवायचे ते सांगतो, टाळूवरचा व्रण किती ताणेल ते सांगत नाही.

हे मी शिकलो ते एका मुलाच्या नुकसानीतून. सुरुवातीच्या वर्षांत दुभंगलेल्या टाळूच्या एका तरुणाचा जबडा मी एकाच बैठकीत दहा मिलिमीटर पुढे आणला. टेबलावर चावा अचूक बसला. वर्षाच्या आत जबडा बराचसा मागे गेला आणि खालचे दात पुन्हा पुढे आले. त्याने एका शब्दाची तक्रार केली नाही, ते मला जास्त लागलं. असा जबडा आज मी हळूहळू ओढतो: काप घेऊन चार-पाच दिवस थांबायचं, मग रोज एक मिलिमीटर, म्हणजे हाडाबरोबर व्रणालाही लांबायला वेळ मिळतो. हाडं अशी लांबवण्याची वाट इलिझारोव यांनी पाय-हातांच्या हाडांवर घालून दिली, आणि पोली व फिगेरोआ यांनी १९९७ मध्ये डोक्याला बसवायच्या चौकटीने ती दुभंगलेल्या टाळूच्या जबड्यापर्यंत आणली. तीही निर्धोक नाही. जबडा पुढे आला की टाळूचा मऊ भाग घशाच्या भिंतीपासून दूर जातो, आणि मूल नाकात बोलू लागू शकतं. वाणीतज्ज्ञाने तपासल्याशिवाय अशा रुग्णाला तारीख देऊ नका.

आता जे मनात खुपतं ते. मूल आठ-नऊ वर्षांचं असताना, सुळा यायच्या आधी, हिरडीच्या फटीत कमरेचं हाड भरावं लागतं. तेव्हाच जबडा एकसंध होतो. जबड्याची शस्त्रक्रिया वाढ थांबल्यावर, म्हणजे मुलींत साधारण सोळाच्या पुढे, मुलांत अठराच्या आसपास किंवा नंतर. आपल्या शिबिरांत मात्र मूल एकदा येतं, ओठ शिवतो, फोटो निघतो, आणि ते हरवतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहेत, ही मोठी गोष्ट. पण त्याची वयोमर्यादा अठरा. मुलाचा जबडा शस्त्रक्रियेला तयार होतो, नेमका तेव्हा तो मुलगा त्या यादीतून बाहेर पडतो. या व्यंगापुरती ही मर्यादा पंचवीसपर्यंत वाढवावी, अशी मागणी या परिषदेने शासनाकडे करावी, असा ठराव मी मांडतो.

शासन ठरवेल तेव्हा ठरवेल. तोवर एक काम आपल्या हातात आहे. उद्या आपापल्या गावी परत गेलात की अठरा वर्षांपूर्वीचं शस्त्रक्रियेचं रजिस्टर काढा. टाळू शिवलेल्या मुलांची नावं उतरवून घ्या. नंबर बदललेले असतील, तर गावच्या आशाताईंना विचारा. आणि त्यांना तपासायला बोलवा.