अपयशाचा अर्थ सांगणारे अभियंते

यंत्र घडविणे आणि त्याची हकीकत लोकांस सांगणे, ही दोन निरनिराळ्या माणसांची कामे होत, असा सर्वसाधारण समज आहे. बंगळूरच्या अवकाश-अभियंत्यांचा अनुभव मात्र निराळा आहे.

पृथ्वीपासून चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर. संदेश तेथे जाऊन परतण्यास सुमारे अडीच सेकंद लागतात. वेगाने खाली येणाऱ्या यानास एवढा विलंबही परवडत नाही. त्यामुळे उतरताना आपले निर्णय त्याला स्वतःच घ्यावे लागतात, आणि ते कसे घ्यावयाचे हे अभियंत्याने आधीच शिकवून ठेवावे लागते.

७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ मोहिमेतील ‘विक्रम’ उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात कोसळले. ते अवतरण सारा देश दूरदर्शनवर पाहत होता. पुढे जुलै २०२३ मध्ये इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी त्याची कारणे साध्या शब्दांत सांगितली : इंजिनांनी अपेक्षेहून अधिक जोर लावला, लहान लहान चुका साचत गेल्या, त्या दुरुस्त करण्यासाठी यानास पुरेशा वेगाने वळता आले नाही, आणि उतरण्याची जागाही लहान होती. म्हणून चांद्रयान-३ ची आखणी ‘काय काय बिघडू शकेल’ या प्रश्नापासून सुरू झाली. पाय अधिक भक्कम केले, इंधन वाढविले. पाचशे मीटर लांबी-रुंदीची जागा सुमारे चार किलोमीटर लांब व अडीच किलोमीटर रुंद केली.

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी यान सुखरूप उतरले. त्यातून बाहेर पडलेली ‘प्रज्ञान’ ही सहा चाकांची, २६ किलो वजनाची गाडी सेकंदाला अवघा एक सेंटिमीटर चाले. तिच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली चित्रे ‘विक्रम’मार्फत बंगळूरला येत, ती पाहून तेथील अभियंते पुढची वाट ठरवीत. २७ ऑगस्टला तीन मीटरांवर चार मीटर रुंदीचा खड्डा दिसला, तेव्हा गाडीस माघारी फिरण्याची आज्ञा झाली. ही माघारही इस्रोने छायाचित्रांसह लोकांपुढे ठेवली.

या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या तरुणाने गणित व यंत्रशास्त्राबरोबर हेही शिकावयास हवे. मोहीम लोकांच्या पैशाने चालते. तिचे यश त्यांचे, तसे अपयशाचे कारण जाणण्याचा हक्कही त्यांचाच. ज्यास चूक स्पष्ट शब्दांत मांडता येत नाही, त्याला ती पुरती उमगलेलीच नसते. आणि न उमगलेली चूक पुढच्या यानातही तशीच जाते.