भूकंपाचं ठिकाण कसं शोधतात?



11 डिसेंबर 1967 ची पहाट.
कोयनानगर हादरलं…
आणि झोपेतलं पुणंही जागं झालं.

भूकंप नेमका कुठे झाला, हे कसं कळतं?

जमिनीतून मुख्यतः दोन लाटा येतात.
पहिली वेगवान.
दुसरी मागून येते, पण तिचा हिसका मोठा.

समजा, पुण्याजवळ आपल्या लोणी काळभोरला भूकंपमापक यंत्र आहे.
कोयना इथून सरळ रेषेत सुमारे सव्वाशे किलोमीटर.
पहिल्या लाटेनंतर साधारण 15 सेकंदांनी दुसरी पोहोचेल.
या फरकावरून अंतर काढतात.

अंतर कळलं… दिशा मात्र नाही!
म्हणून नकाशावर तेवढ्या अंतराचं वर्तुळ काढायचं.
तीन ठिकाणच्या यंत्रांची तीन वर्तुळं जिथे मिळतील,
तिथे भूकंपाचं केंद्र.

पुन्हा सांगतो.
लाटांमधल्या फरकावरून अंतर.
तीन अंतरांवरून ठिकाण.

आणि भूकंप किती मोठा हे सांगणारा रिश्टरचा आकडा?
तो कंपनांच्या उंचीवरून, अंतर लक्षात घेऊन काढतात.
एक अंक वाढला, की कंपनं दहापट.
ऊर्जा तर तीसपटीहून जास्त!
पाच आणि सहा म्हणजे उन्नीस-बीस नव्हे.

तेव्हा मंडळी, धक्का जाणवला तर आधी मजबूत टेबलाखाली बसा.
आकडा नंतर बातम्यांत ऐकता येईल.